कानाला वारा लागू नये म्हणून

रत्नागिरीत थंडी पडते असं म्हटलं तर घाटावरचा माणूस हसतो. जानेवारीतही पहाटेचा पारा बहुतेक दिवस अठरा-वीस अंशांवर रेंगाळतो आणि दुपारी बाराला अंगातला सदरा नकोसा होतो. लोकरीचा स्वेटर इथे वर्षातून जेमतेम आठवडाभर अंगावर चढतो, तोही मुंबईहून किंवा पुण्याहून कुणी हौसेनं आणला असेल तर. आणि तरीही इथल्या जुन्या घरांतली कपाटं उघडली की वरच्या खणात, डांबरगोळ्यांच्या वासात, क्रोशाचा एखादा स्कार्फ हमखास हाती लागतो. लहानसा, त्रिकोणी, जाळीदार, हातात घेतला तर वजन कळू नये इतका हलका. थंडी नाही, मग हा कशाला? या प्रश्नाला कोकणात एकच उत्तर आहे: कानाला वारा लागू नये म्हणून.

कोकणातल्या माणसाची थंडी कानापासून सुरू होते. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री दिशा उलटते आणि जमिनीवरून मतलई वारा सुटतो. त्यात दव. शिमग्यात पालखीमागे रात्रभर फिरणारी, देवळापुढच्या मांडवात नमन-खेळे बघत पहाट करणारी माणसं कान बांधून बसतात. बाप्यांच्या डोक्याला कानटोपी नाहीतर मफलर, बायकांच्या डोक्याला स्कार्फ. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एसटी आंबा घाट चढायला लागली की खिडकीजवळच्या आजीची पिशवी उघडते आणि हनुवटीखाली गाठ बसते. सगळ्यात कडक नियम बाळंतिणीला. तिच्या कानात कापसाचे बोळे आणि त्यावर स्कार्फ, मग बाहेर वैशाखाचा उकाडा असला तरी! डॉक्टरांचं याबाबत काय मत आहे, हे विचारायची पद्धत नाही.

अशा ठिकाणी जाड लोकरीचं काही चालत नाही. घामानं डोकं भिजतं. हवा खेळली पाहिजे पण झोत लागता कामा नये, या दोन अटी एकदम पाळणारं वस्त्र हवं. सुती दोऱ्याची क्रोशाची जाळी या अटींत चपखल बसली. ही जाळी कोकणातली मात्र नव्हे. ती आली बाहेरून, आणि आली तीसुद्धा कानासाठी नाही.

एका आकड्याच्या सुईनं, एका वेळी एकच टाका सुईवर ठेवून विणायची ही कला आज दिसते त्या रूपात युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घडली. १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच मासिकात तिचे नमुने छापून आले. १८४० च्या दशकात मादमोझेल रिएगो दी ला ब्रांशार्दिएर या बाईंनी लंडनमध्ये नमुन्यांची पुस्तकं काढायला सुरुवात केली, आणि जी महागडी लेस आजवर उशीवर टाचण्या रोवून, लाकडी चात्यांवर महिनोन् महिने विणावी लागे तिची नक्कल सुईनं काही दिवसांत होऊ लागली. नक्कल म्हणून खानदानी घराण्यांनी नाकं मुरडली. पण त्याच सुमाराला आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं. १८४५ ते १८५० या काळातल्या दुष्काळात कॉर्कच्या नन्सनी आणि क्लोन्स गावच्या कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीनं गरीब घरांतल्या बायकांच्या हाती क्रोशाची सुई दिली. हत्यार पैशा-दोन पैशांचं, माल खिशात मावणारा, चुलीजवळ बसून करता येणारं काम. घरंच्या घरं त्यावर जगली. दुष्काळ, अनाथ मुली आणि विधवा जिथे जिथे दिसतील तिथे क्रोशा शिकवायचा, हा मिशनऱ्यांचा शिरस्ता इथून पक्का झाला.

त्याच शतकाच्या शेवटाला क्रोशा थेट राजवाड्यात पोचला होता. ऐंशी ओलांडलेल्या व्हिक्टोरिया राणीनं १९०० साली बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी खाकी लोकरीचे आठ स्कार्फ स्वतःच्या हातानं क्रोशावर विणले. कोपऱ्यात स्वतःची व्ही. आर. आय. ही आद्याक्षरं घातली. चार ब्रिटिश सैनिकांना मिळाले, चार वसाहतींच्या फौजांतल्या सैनिकांना. त्यातले काही कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संग्रहालयांत आजही जपून ठेवलेले आहेत. राणी हे टाके घालत होती तेव्हा तिच्याच साम्राज्यानं पदच्युत केलेला ब्रह्मदेशचा राजा थिबा इकडे रत्नागिरीत चौदा वर्षं नजरकैदेत होता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार व्हायला आणखी दहा वर्षं जायची होती. रत्नागिरीच्या इतिहासात साम्राज्य असं आडव्या वाटेनं सारखं भेटत राहतं.

रत्नागिरी जिल्ह्यात सुईचे धडे फार लवकर आले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं १८२३ मध्ये बाणकोटला उतरली आणि पुढे हर्णैला त्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईला आले ते आधी मराठी शिकायला याच बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात राहिले. मार्गारेटबाईंनी नंतर मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलीनं शाळेत यावं तर तिला शिवणकाम शिकवलं पाहिजे, हा मिशनचा ठरलेला सौदा होता. आईबापांना वाचन-लेखनाचा भरवसा नव्हता, शिवणाचा होता. पण हर्णैच्या बंदरावर त्या वेळी क्रोशा आला असणं कठीण. मार्गारेटबाई १८३५ मध्ये वारल्या आणि क्रोशाची लाट इंग्लंडमध्येच त्यानंतर उसळली. स्कॉटिश बाईंनी कोकणाला शिवणाचा तास दिला. त्या तासात क्रोशा पुढच्या पिढीनं घुसवला. १८७३ पासून रत्नागिरी गावात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं होतं, आणि दक्षिणेला गोव्यात व वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत वेदीच्या कापडाला क्रोशाची किनार लावायची रीत होती. मुलींच्या शाळांतून भरतकाम, विणकाम, क्रोशा ही त्रयी हळूहळू स्थिरावली.

ब्राह्मण-मराठा घरांच्या माजघरात सुई शिरली ती मात्र दुसऱ्या दारानं, आणि त्या दाराशी देवरुखच्या दोन बहिणी उभ्या आहेत.

संगमेश्वर तालुक्यातलं देवरुख. तिथल्या जोशांच्या घरातली गोदूबाई बालविधवा. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती बाया कर्वे झाली. कर्वेही याच जिल्ह्यातले: जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, घर दापोलीजवळच्या मुरुडचं. गोदूबाईची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला आणि पार्वतीबाईंनी त्याच्या कामाला आयुष्य वाहिलं. आश्रमासाठी निधी जमवायला ही देवरुखची बाई १९१८ मध्ये अमेरिकेला गेली. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे शिवण आणि भरतकामाचे वर्ग चालले. १९१६ मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ आलं.

या संस्थांतून शिकलेल्या बाया मास्तरीण झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पांगल्या. कन्याशाळेतल्या मास्तरणीच्या पिशवीत पाटी-पुस्तकाबरोबर सुई आणि दोऱ्याचा गुंडा असे. विधवेला हाताला काम हवं होतं, आणि सधवेला घराबाहेर पडून चार बायकांत बसण्यासाठी घरच्यांना पटेल असं कारण हवं होतं. क्रोशानं दोघींचं काम भागवलं. ‘वाचायला चालले’ म्हटलं तर सासूच्या कपाळाला आठी पडे, ‘रुमालाचा नमुना बघायला चालले’ म्हटलं तर पडत नसे. सुईच्या निमित्तानं किती पोथ्या, पुस्तकं आणि मासिकं या घरातून त्या घरात गेली असतील, त्याची गणती नाही.

दोऱ्याची गोष्टही मजेची आहे. चांगला क्रोशाचा दोरा यायचा स्कॉटलंडमधल्या पेझली गावाहून. हे गाव आधी शालींसाठी प्रसिद्ध होतं. काश्मिरी शालीवरची कोयरी त्यांनी आपल्या मागावर इतकी उतरवली की इंग्रजीत कोयरीलाच गावाचं नाव पडलं. नेपोलियनच्या नाकेबंदीत रेशीम मिळेना म्हणून तिथल्या क्लार्क घराण्यानं गुळगुळीत सुती दोरा काढला, मग कोट्स घराणं त्यात उतरलं आणि १८९६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. क्लार्कचा नांगर छाप, म्हणजेच ‘अँकर’, हे नाव पुढे हिंदुस्थानातल्या दुकानदारांच्या आणि बायकांच्या तोंडी बसलं. दोऱ्याला ती चमक आली जॉन मर्सरमुळे. सुती धागा कॉस्टिक सोड्यात बुडवला की तो फुगतो आणि बळकट होतो, हे त्याला १८४४ च्या सुमारास आढळलं. १८९० च्या आसपास दुसऱ्या एकानं तो ताणून धरून बुडवायची युक्ती काढली, तेव्हा रेशमासारखी झळाळी आली. आजही गुंड्यावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं ते याच मर्सरच्या नावानं.

म्हणजे कोयरीची नक्कल करून श्रीमंत झालेल्या गावानं आंब्याच्या मुलखात दोरा विकला. तेही अशा काळात, की टिळकांच्या जन्मगावी स्वदेशीच्या सभा होत होत्या. परदेशी साखर सोडली, परदेशी कापड सोडलं, बांगड्या सोडल्या, पण माजघरातला विलायती दोऱ्याचा गुंडा सहसा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. इवलासा तर होता! १९२७ च्या मार्चमध्ये गांधीजी रत्नागिरीत आले, सावरकरांना भेटले. गांधीजींचा आग्रह चरख्याचा, म्हणजे सूत काढण्याचा. क्रोशा सूत काढत नाही, खातो. या हिशेबात तो नापासच व्हायचा. देशी गिरण्यांचे दोरे पुढे आले. १९७४ मध्ये मदुरा मिल्स आणि कोट्सची इथली कंपनी एकत्र येऊन मदुरा कोट्स झाली, तोवर ‘अँकर’ विलायती असल्याचं बाजारपेठेतल्या गिऱ्हाइकांच्या ध्यानीमनीही उरलं नव्हतं.

आता या कामाच्या दोन शाखा झाल्या, आणि त्या नीट वेगळ्या करून पाहिल्याशिवाय स्कार्फचा इतिहास हाती लागत नाही.

पहिली शाखा दाखवायची. तिचं मुख्य ठिकाण लग्नाचं रुखवत. रुखवत म्हणजे आधी लाडू, चकल्या, अनारसे, पापडांच्या चवडी. त्यात विसाव्या शतकात मुलीच्या हातच्या कामाची भर पडली. लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर मण्यांचे मोर, लोकरीची तोरणं आणि क्रोशाचे रुमाल ओळीनं मांडलेले. शेजारी उभी असलेली मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, ‘सगळं हिनंच केलंय हो.’ त्यातलं निम्मं मावशीनंच केलेलं असे, आणि बघणाऱ्या बायकांना तेही ठाऊक असे, कारण प्रत्येकीचा हात ओळखू येतो. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल, कुणाच्या कडा आत वळलेल्या. या शाखेत दुधाच्या भांड्यावर घालायची, काठाला मणी ओवलेली जाळी आली. नैवेद्याच्या ताटावरचा रुमाल आला. चौकटीचौकटीनं मोजून भरीव-पोकळ घरं विणली की अक्षरं उमटतात, त्यातून ‘सुस्वागतम्’ची तोरणं आली. घरात जे नवं यंत्र येईल त्याला क्रोशाची झूल चढली: आधी रेडिओला, मग टीव्हीला, मग मिक्सरला. स्त्रियांच्या मासिकांनी या शाखेला खतपाणी घातलं. किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ १९३० मध्ये निघू लागलं, त्यामागून इतर मासिकं आली, आणि पुढच्या दशकांत विणकामाचे नमुने छापणं हा मासिकांचा रिवाज झाला. अंकाचं ते पान फाडून घेतल्याशिवाय तो वाचनालयात परत जात नसे, ही ग्रंथपालांची जुनी तक्रार.

दुसरी शाखा वापरायची. तिचं ठिकाण बाळंतविडा. कुंची, टोपडं, झबलं, पायमोजे, दुपटं आणि बाळंतिणीचा स्कार्फ. हे टेबलावर मांडायचं नसतं, ट्रंकेत ठेवायचं असतं. यासाठी छापील नमुना लागत नसे. आईनं केलं तसं मुलीनं करायचं, फार तर काठाला एक कंगोरा जास्त. बाळ मोठं झालं की टोपडं धुऊन जावेच्या बाळाला, तिथून नणंदेच्या. स्कार्फ मात्र बाळंतिणीकडेच राही, आणि सव्वा महिना उलटला की पिशवीत, प्रवासाच्या कामाला.

पहिली शाखा सुकली. रुखवताला बाजारातून तयार ट्रे आणतात. टीव्ही भिंतीला चिकटला, त्याच्या डोक्यावर आता रुमाल टाकायला जागाच नाही. मिक्सरला कुणी झूल घालत नाही. दुसरी शाखा मात्र तग धरून आहे, कारण कान आहेत तिथेच आहेत.

विणणारीच्या हाताकडे जरा जवळून पाहिलं तर हा स्कार्फ किती थोडक्यात होतो ते कळतं. सुरुवात चार साखळ्यांची. त्या जोडून एवढंसं कडं करायचं. मग वर चार साखळ्या उभ्या करायच्या, त्यातल्या तीन म्हणजे पहिला खांब आणि चौथी मधली फट. कड्यातच तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, एक साखळी आणि शेवटी एक एकटा खांब. झाली पहिली ओळ. काम उलटवायचं. दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांच्या फटींत तीन-तीन खांबांचा एकेक गठ्ठा वाढतो, आणि बरोबर मध्ये, त्या दोन साखळ्यांच्या फटीत, तीन खांब-दोन साखळ्या-तीन खांब असं नाक काढायचं. पहिल्या ओळीत दोन गठ्ठे होते, दुसरीत चार झाले, तिसरीत सहा होतात. दर ओळीला दोन. बस, एवढंच गणित. त्रिकोण आपला आपण रुंदावत जातो आणि नाकाचं टोक मानेवर पडतं. हनुवटीखाली दोन टोकांची गाठ बसेल इतका झाला की थांबायचं, कडेनं मुक्या, म्हणजे आखूड खांबांची एक ओळ फिरवायची म्हणजे काठ ओघळत नाही.

खरं कसब आहे दोऱ्याच्या ताणात. डाव्या तर्जनीवरून दोरा येतो, करंगळीला एक वेढा घेऊन. करंगळी आवळली तर जाळी ताठ होते आणि स्कार्फ कानाला बोचतो. ढिली सोडली तर तो पहिल्या धुण्यातच पोटरीपर्यंत लोंबतो. सुई किती जाड घ्यायची हेही इथेच ठरतं. टेबलावरच्या रुमालाला बारीक पोलादी सुई आणि बारीक दोरा, खांब एकमेकांना खेटून. स्कार्फाला तोच किंवा थोडा जाड दोरा पण सुई दोन नंबर मोठी, म्हणजे टाका मोकळा पडतो, फटी रुंद होतात, आणि पन्नास-साठ ग्रॅममध्ये डोकं झाकतं. मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमार जाळं विणतात तेही फटींचंच काम, पण तिथे प्रत्येक फटीला पक्की गाठ असते, मासा तोडून जाऊ नये म्हणून. क्रोशात गाठ नाही. शेवटचा फास सोडून दोरा ओढला की आठ दिवसांचं काम आठ मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन बसतं. म्हणून तर एका दोऱ्यातून आधी रुमाल, मग टोपडं आणि शेवटी स्कार्फ असे तीन जन्म निघत. काटकसरी कोकणात हा गुण थोडाथोडका नव्हे.

राजिवड्यात आणि मिरकरवाड्यात शुक्रवारी नमाजाच्या वेळी दिसणाऱ्या पांढऱ्या जाळीदार टोप्याही याच घराण्यातल्या. तिथे कडं गोल फिरवत न्यायचं, त्रिकोणाऐवजी वाटी होते. एकाच आळीच्या दोन टोकांना एकाच टाक्यांनी दोन धर्मांची डोकी झाकली, याची दखल कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. घ्यावी एवढं त्यात कुणाला विशेषही वाटलं नसावं.

कोकणच्या हवेनं या कामाला स्वतःचे नियम लावले. पावसाळ्यात भाताची लावणी आटपली की आषाढ-श्रावणातल्या दुपारी मोकळ्या मिळत, तेव्हा पडवीत सुया चालत. पण त्याच दिवसांत हवा इतकी ओली की लोकरीला वास धरतो, पांढऱ्या दोऱ्यावर करडे ठिपके येतात आणि पोलादी सुईला खाऱ्या हवेनं गंज चढतो. गंजलेल्या सुईचा डाग दोऱ्यावरून जाता जात नाही. म्हणून सुईला खोबरेल तेलाचं बोट पुसून ती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि काम सुरू करण्याआधी कोरड्या राखेनं नाहीतर कापडानं लख्ख करायची. रुमालांना रिठ्यानं धुऊन, निळीत बुडवून भाताच्या पेजेची खळ देत, म्हणजे ते टेबलावर पापडासारखे कडक बसत. स्कार्फाला खळ वर्ज्य. तो पिळायचाही नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत सपाट पसरायचा. दांडीवर टाकला की आपल्याच वजनानं लांबतो.

साठ-सत्तरच्या दशकांनंतर मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर रंगीत लोकर आली, मग कॅशमिलॉन ही कृत्रिम लोकर. न आटणारी, न विटणारी, स्वस्त. लुधियानाच्या गिरण्यांचे गुंडे रत्नागिरीच्या बाजारपेठेत लटकू लागले आणि गुलाबी, पोपटी, आकाशी असे स्कार्फ दिसू लागले. ते दिसायला झकास, पण घाम शोषत नाहीत. ज्या बाईनं एकदा सुती स्कार्फ वापरला ती कृत्रिम लोकरीच्या स्कार्फाला नाव ठेवतेच, आणि तिचं चूक नाही. त्यानंतर आले छापील ओढण्यांसारखे स्टोल, स्कूटीवरून जाताना सगळा चेहरा बांधून घ्यायला. धुळीपुढे क्रोशाची जाळी कुचकामी, तिथे तिनं हार मानली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे धावू लागल्यावर घाटातला वाराही कमी झाला म्हणायचा, निदान वातानुकूलित डब्यापुरता. पण त्या डब्यात कान जास्तच गार पडतात.

दक्षिणेकडच्या राज्यांत याच सुईचं व्यापारात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आंध्रातल्या गोदावरीकाठी नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला नेली आणि तिचा मोठा निर्यात धंदा झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या विणकरणींवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसचे दिवस परदेशी बाजारासाठी विणणाऱ्या या बायका कागदोपत्री ‘घरी बसलेल्या गृहिणी’ होत्या, त्यांचं काम ‘फावल्या वेळातलं’ होतं, आणि व्यापार व नफा पुरुष दलालांच्या हाती. हे त्यांनी बारकाईनं दाखवलं. नरसापूरच्या क्रोशाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटानं २०१६ मध्ये ११ हजार चौरस मीटरहून मोठी गोधडी आणि २०१७ मध्ये १४ किलोमीटरहून लांब स्कार्फ विणून गिनीज बुकात नाव घातलं.

रत्नागिरीच्या नावावर मानांकन आहे ते हापूसचं, २०१८ पासून, तेही शेजारच्या जिल्ह्यांबरोबर वाटून. क्रोशाला इथे कधी दलालच भेटला नाही. १८८० च्या गॅझेटियरच्या रत्नागिरी खंडात शिंगकामापासून सरकारी उद्योगशाळेपर्यंत बरंच काही आहे. घरातल्या बायकांच्या सुईकामाला स्वतंत्र प्रकरण नाही. मुंबईहून मनिऑर्डर यायची, तिच्यावर घर चालायचं, आणि क्रोशा विकायची वेळ सहसा यायची नाही. आली तरी आडून-आडून, शेजारणीमार्फत. नरसापूरची फसवणूक त्यामुळे टळली, पण आपल्या हाताची किंमत किती, हे ठरवायची सवयही लागली नाही.

ती सवय आता लावून घ्यावी लागते आहे. बचतगट आहेत, प्रदर्शनं आहेत, मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलेल्या मुली आहेत आणि त्यांचे नमुने आयांपेक्षा धीट आहेत. खरा क्रोशा अजून यंत्रावर होत नाही. बाजारात त्या नावानं स्वस्तात विकली जाते ती यंत्रावरची जाळी असते, तिचे टाके जवळून पाहिले की फरक कळतो. गिऱ्हाईक ते पाहत नाही, किंमत मात्र त्या जाळीशी ताडून बघतं. दोऱ्याचे किती झाले ते विणणारी पैशापैशानं सांगते. सुईवर गेलेल्या दुपारींचे किती, असं विचारलं की आपल्या आई-आजीसारखीच म्हणते, ‘द्या तुम्हाला काय वाटेल ते.’ तिच्या शेजारी बसलेली मुलगी मग पुढे होऊन आकडा सांगते.